तांबं दिसेपर्यंत

"पुसू नको," अण्णा म्हणाले. मी हातातली चिंधी बाजूला ठेवली.

फळीवर जुनं वर्तमानपत्र अंथरलेलं आणि त्यावर सहा अर्धगोल पट्ट्या. तीन कनेक्टिंग रॉडांची तीन बेअरिंगं, प्रत्येकाचं वरचं अर्धं आणि खालचं अर्धं. जशी इंजिनातून निघाली तशीच, त्याच क्रमानं, त्याच दिशेला तोंड करून. प्रत्येक जोडीखाली अण्णांनी बॉलपेननं आकडा घातला होता. पट्ट्यांवरचं काळं ऑइल हळूहळू कागदावर उतरत होतं. पुसायचं नाही, घासलेटमध्ये बुडवायचं नाही, एकीवर एक ठेवायची नाही. आधी बघायचं.

माझ्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, गॅरेज श्रीरामपूर रस्त्याला आहे. मी तिथेच वाढलो. समोर उभा होता तो मॅसी फर्ग्युसन 1035, चाळिशी ओलांडलेला. ट्रॅक्टर चेन्नईच्या टॅफेचा, इंजिन सिम्प्सनचं, आणि इंजिनाचं मूळ घराणं इंग्लंडातल्या पीटरबरोच्या पर्किन्सचं. तीन सिलिंडर, तीन रॉड, क्रँकला आधार देणारी चार मेन बेअरिंगं. या इंजिनाइतकं सरळमार्गी यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही. हा ट्रॅक्टर पावसाळ्याआधी नांगरायचा आणि गळीत हंगामात ऊस ओढायचा. हंगाम तीन आठवड्यांवर आला होता. मालकाची तक्रार एवढीच की इंजिन "आतून वाजतंय", आणि कारखान्याच्या रांगेत उभं राहिलं की ऑइलच्या दाबाचा काटा खाली पडतो.

वाजण्याचा माग आदल्या दिवशीच लागला होता. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ कानाला लावून अण्णा बराच वेळ वाकून उभे राहिले. मेन बेअरिंग गेलं की आवाज जड, पोटातून आल्यासारखा येतो. कनेक्टिंगचा त्याहून वरचा, सुटा, गाडी रेस करून सोडली की ठळक होणारा. मग एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट ढिला करून तो सिलिंडर बंद पाडून बघितला. दोन नंबर बंद केल्यावर ठोका निम्म्यानं मावळला. म्हणजे ठोका कुठे आहे ते कळलं, पण का आहे ते कळलं नाही. त्यासाठी इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उतरवावं लागतं.

मोटारीचं चेंबर बहुधा पत्र्याचं असतं, कडेचे बोल्ट काढले की हातात येतं. इथे तसं नाही. अशा ट्रॅक्टरला वेगळी चासी नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल हे एकमेकांना बोल्टनं जोडलेले आणि तोच त्याचा कणा. फोर्डसननं 1917 पासून ही रीत मोठ्या प्रमाणावर रुळवली. त्यामुळे चेंबर बिडाचं, जाड, वजनदार, आणि समोरचा अ‍ॅक्सल त्याच्या तोंडाशी बांधलेला. ते खाली घ्यायचं तर पुढचा भार ठोकळ्यांवर तोलून धरावा लागतो. निम्मा दिवस यातच गेला. म्हणूनच अशा कामात लोकांना पुढची घाई असते. एकदा उघडलंय ना, मग नवीन बेअरिंग टाका आणि बंद करा. जुनी बेअरिंगं भंगाराच्या डब्यात जातात, न वाचलेली.

आता ही पट्टी काय असते ते जवळून बघू. बोटांत धरली तर दीडदोन मिलिमीटर जाडीची, हलकी. पाठ पोलादाची. पोलादावर तांबं आणि शिसं यांच्या मिश्रणाचा थर. त्यावर निकेलचा जेमतेम मायक्रॉनभर पडदा. आणि सगळ्यात वर शिसं आणि कथलाचा एक मऊ मुलामा, साधारण 20 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. नवी पट्टी फिकट राखाडी दिसते, चमकत नाही. नख जोरानं दाबलं तर वळ उमटेल इतका तो वरचा थर नाजूक.

आणि या नाजूक थरावर काय येतं? पिस्टनचा व्यास सुमारे 91 मिलिमीटर. डिझेल पेटतं त्या क्षणाचा दाब धरून हिशेब मांडला तर एका ठोक्याला चार टनांच्या आसपास भार रॉडवर येतो. इंजिन 1500 च्या गतीनं फिरत असेल तर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला 750 वेळा पेटतो, तासाला 45,000 वेळा. दिवसभर नांगर चालला की एकेका बेअरिंगनं साडेतीन लाख ठोके झेललेले असतात.

हे शक्य होतं कारण धातू धातूला टेकतच नाही. मध्ये ऑइल असतं. 1883 च्या सुमाराला इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर नावाचे इंजिनिअर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. ऑइल घालायला त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर आस फिरायला लागल्यावर ऑइल त्या भोकातून उलटं वर यायला लागलं. बूच मारलं, बूच उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही वर ढकलली गेली. फिरणारा आस आपल्याबरोबर ऑइल ओढून अरुंद जागेत कोंबतो आणि त्या दाबावर स्वतःच तरंगतो, हे त्यातून उघड झालं. 1886 साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं. श्रीरामपूर रस्त्यावरच्या आमच्या शेडमधला क्रँक त्याच गणितानं तरंगतो, आणि मला त्याचं अजूनही नवल वाटतं. ऑइल पंपाचं काम फक्त ऑइल पोचवण्याचं. भार पेलणारा दाब क्रँक स्वतः फिरून तयार करतो.

मग मऊ धातू कशाला? चालू करताना, बंद करताना, ऑइल पोचण्याआधीच्या त्या दोन क्षणांसाठी. आणि कचऱ्यासाठी. फिल्टरमधून निसटलेला वाळूचा कण आला तर कडक धातू त्याला तसाच धरून ठेवील आणि तो कण क्रँकला ओरखडत राहील. मऊ थर त्याला आत घेतो, गिळतो. मग तो कण पट्टीत रुतून बसतो आणि त्याच्याभोवती दाबल्या गेलेल्या धातूचं एक बारीक चमकदार कडं उमटतं. क्रँक महाग, बेअरिंग स्वस्त. कोणी झिजायचं हे आखणाऱ्यानं आधीच ठरवून ठेवलं आहे. एखादी वस्तू दुसरीसाठी झिजायला इतक्या विचारानं घडवलेली असावी, यातली माया मला पोलादातही जाणवते.

आता वाचन. अण्णांनी एक नंबरची जोडी उचलली आणि दारातल्या उजेडात तिरपी धरली. वरच्या अर्ध्यावर राखाडी रंग कडेला उरला होता, मध्यभागी गुलाबी तांबं उघडं पडलेलं. खालच्या अर्ध्यावर तांबं जवळजवळ नाही, नुसती चकाकी. हे बरोबर आहे. रॉडच्या बेअरिंगमध्ये स्फोटाचा धक्का वरचं अर्धं झेलतं. मेन बेअरिंगमध्ये उलट, क्रँक खाली दाबला जातो म्हणून तिथे कॅपमधलं खालचं अर्धं आधी झिजतं. कोणतं अर्धं कुठलं हे न बघता मिसळून ठेवलं तर ही गोष्टच हरवते. एक नंबरवर तांबं उघडं पडलं होतं ते मधोमध, दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर. रॉड वाकलेला असता तर एका बाजूला वरचा कोपरा आणि दुसऱ्या बाजूला खालचा कोपरा असं तिरपं झिजलं असतं. तसं नव्हतं. रॉड सरळ.

आणि ओरखडे? जवळजवळ नाहीत. रुतलेले कण हाताच्या बोटांवर मोजावे इतके. मी म्हटलं, धुळीनं गेलं असणार. उसाच्या रस्त्यावरची धूळ, मोडका एअर क्लीनर, नेहमीचं कारण. अण्णांनी मान हलवली. "धूळ नांगरून जाते. हे बघ, हे सारवल्यासारखं आहे."

तो शब्द मला फार अचूक वाटला. पट्टीचा पृष्ठभाग खरंच शेणानं सारवलेल्या अंगणासारखा एकसारखा, गुळगुळीत झाला होता. कुणीतरी घाईनं नव्हे, रोज थोडं थोडं असं ते पुसून नेलं होतं. तीन नंबरही तसंच. ऑइल अजिबातच न मिळालेलं बेअरिंग वेगळं दिसतं. ते काळवंडतं, धातू वितळून कडेला ओघळतो. फाटलेलं, थकलेलं बेअरिंग वेगळं. त्याचे तुकडे उडून खड्डे पडतात. इथे ऑइल होतं, रोज होतं, पण भार पेलण्याइतकं अंग त्याच्यात नव्हतं. पातळ ऑइल. सहा पट्ट्यांतल्या चार पट्ट्या हे एकच वाक्य सांगत होत्या.

दोन नंबरची जोडी मात्र वेगळी. तिच्यावरही सारवलेपण होतंच, पण त्याशिवाय जिथे दोन अर्धी एकमेकांना मिळतात तिथे, सांध्याच्या अगदी लगत, चारही टोकांना चकचकीत पट्टे. बोट फिरवलं तर तिथे पट्टी किंचित आत आलेली. आणि मध्ये, जिथे एरवी सगळ्यात जास्त झीज हवी, तिथे तांब्याच्याही खाली पोलादाची निळसर झाक.

अण्णांनी पट्टी उलटी केली. पाठीवर काळे डाग आणि घासल्याच्या खुणा. पाठ सहसा कुणी बघत नाही. चांगली बसलेली पट्टी पाठीनं रॉडला सगळीकडे सारखी चिकटलेली असते, त्यामुळे तिचा रंगही सगळीकडे सारखा असतो. इथे ती सगळीकडे सारखी टेकत नव्हती. मग त्यांनी दोन नंबरची कॅप घेतली आणि रॉडला टेकायचा तिचा सपाट भाग उजेडात धरला. त्यावर कानशीच्या रेघा. तिरप्या, हातानं मारलेल्या, स्पष्ट.

कधीतरी, कुठेतरी, कुणीतरी हे इंजिन वाजत असताना कॅप घासली होती. कॅप घासली की भोक वरून खाली आवळतं, ढिलं बेअरिंग त्या दिवसापुरतं घट्ट वाटतं, आवाज थांबतो. पण नवी पट्टी तिच्या घरापेक्षा मुद्दामच केसभर जास्त लांब असते. बोल्ट आवळला की ती टोकं एकमेकांवर दाबली जातात आणि पट्टी घराला घट्ट बसते. कॅप घासल्यावर ती जास्तीची लांबी प्रमाणाबाहेर वाढते, मग टोकं आत फुगतात. क्रँक तिथे घासतो. भोक अंडाकृती होतं. आवाज काही महिने थांबतो आणि मग दुप्पट होऊन परत येतो. ज्यानं ते केलं त्याच्याबद्दल मला राग आला, अण्णांना आला नाही. ते म्हणाले, "सीझन असेल. मालक डोक्यावर उभा असेल."

आमचा मालकही डोक्यावर उभाच होता. त्याला हे सगळं समजावताना त्यानं, आपल्या गाडीची बाजू घ्यावी तसं, सांगितलं, "पण अण्णा, गाडी ऑइल खात नाही हां. वर्ष झालं, दांडीवर ऑइल कधी खाली गेलंच नाही. उलट थोडं वरच."

अण्णांनी पट्टी खाली ठेवली. चाळीस वर्षांचं इंजिन थोडंफार ऑइल खातंच. रिंगांजवळून, गाइडमधून. त्याची पातळी वर्षभर उतरत नसेल, तर कुठून तरी काहीतरी भरत असणार. त्यांनी चेंबरमधून काढलेल्या ऑइलचा एक थेंब वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर सोडला आणि शेजारी डब्यातल्या नव्या ऑइलचा एक. नवा थेंब जाडसर, एका जागी बसून राहिला. जुन्याचा काळा ठिपका मध्ये राहिला आणि त्याच्याभोवती एक फिकट, तेलकट वर्तुळ पसरत पसरत जाहिरातीच्या अक्षरांपर्यंत गेलं. वास घेतला. डिझेल.

या इंजिनाला टाकीतून डिझेल ओढणारा पंप ब्लॉकच्या बाजूला असतो. गॅरेजमध्ये त्याला एसी पंप म्हणतात. आत रबरी कापडाचा एक पडदा, कॅमच्या दांड्यानं वरखाली होणारा. पडद्याच्या एका बाजूला डिझेल, दुसऱ्या बाजूला इंजिनाचं पोट. पंप खोलला तर पडद्याला कडेला बोटाच्या पेराएवढी चीर होती. प्रत्येक फेऱ्याला थेंबाचा अंश आत झिरपत होता. मालक रोज सकाळी दांडी बघत होता, ऑइल वर दिसत होतं, तो समाधानानं ट्रॅक्टर चालू करत होता. तीन बेअरिंगांवरचं सारवण त्या चिरेनं केलेलं होतं.

काट्याचंही कोडं इथेच सुटलं. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामधली फट ढोबळ मानानं व्यासाच्या इंचाला एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे या रॉडला सव्वादोन-अडीच थाऊ. दोन नंबरवर ती सातच्या पुढे भरली. फट दुप्पट झाली तर तेवढ्याच दाबाला तिच्यातून निसटणारं ऑइल आठपट होतं, कारण ते फटीच्या घनात वाढतं. त्यात ऑइल पातळ, त्यात रांगेत उभं राहून तापलेलं, त्यात इंजिन सावकाश फिरणारं. पंप बिचारा काय पुरवणार? कामाच्या गतीवर निदान 30 पौंड दाखवणारा काटा उसाच्या रांगेत निजून जायचा तो यामुळे.

आमचा आधीचा बेत क्रँक न काढता खालूनच बेअरिंगं टाकण्याचा होता. तशी रीत आहे आणि ती सुबक आहे. मेनची कॅप काढायची, क्रँकमधल्या ऑइलच्या भोकात एक वाकवलेली स्प्लिट पिन घालायची आणि क्रँक हळूच फिरवायचा. पिनचं डोकं वरच्या पट्टीला कडेनं ढकलत बाहेर आणतं, आणि नवी त्याच वाटेनं आत जाते. मी लहान असताना मला ती जादूच वाटायची. पण पट्ट्यांनी सांगितल्यावर तो बेत सोडावा लागला. मायक्रोमीटर लावला तर क्रँकची दोन नंबरची पिन, जिच्यावर रॉड बसतो ती, गोल राहिली नव्हती, एका बाजूनं दोन थाऊ बसलेली. तिच्यावर नवी पट्टी टाकणं म्हणजे पुन्हा तेच. क्रँक बाहेर निघाला, ग्राइंडिंगला गेला आणि दहाच्या मापावर आला, म्हणजे पिना दहा थाऊनं बारीक आणि बेअरिंगं त्या मानानं जाड. ग्राइंडरवाल्याला अण्णांनी एकच गोष्ट तीनदा सांगितली: पिनेच्या कोपऱ्यातली गोलाई जशीच्या तशी ठेव. तिथे काटकोन पडला तर क्रँक तिथूनच एक दिवस तुटतो. दोन नंबरचा रॉड बदलला. कॅपसकट, त्याच नंबरची जोडी.

बसवण्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण चांगलं बसवणं शांत असतं. क्रँकच्या आतल्या ऑइलच्या वाटा तार घालून आणि हवा मारून साफ केल्या, कारण ग्राइंडिंगची भुकटी तिथे लपून बसते. पट्टीची पाठ आणि रॉडचं घर कोरडं, अगदी कोरडं. पट्टीचं तोंड मात्र ऑइलनं भिजवलेलं. तिचा बारीक कान खाचेत बसला की नाही ते बोटानं चाचपायचं. प्रत्येक कॅप टॉर्क पान्यानं आवळली की क्रँक हातानं एक फेरा फिरवून बघायचा. सगळ्या आवळून झाल्यावर शेवटी अडला, तर कुठे अडला ते कळत नाही. एकेकीला फिरवलं तर प्रत्येकीशी वेगळं बोलणं होतं. मी फिरवत होतो. दोन नंबर आवळल्यावर फेरा घेतला तेव्हा आधीच्यापेक्षा किंचित जड, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा जड. अण्णा माझ्या हाताकडे न बघता माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. "सारखं आहे ना?" "सारखं आहे."

नवा एसी पंप बसला. नवं ऑइल, नवा फिल्टर, तोही ऑइलनं भरूनच लावलेला. पहिल्यांदा चालू करताना स्टॉपची तार ओढून धरली, म्हणजे डिझेल पेटणार नाही, आणि सेल्फवर इंजिन नुसतं फिरवलं. थांबलो. पुन्हा फिरवलं. तिसऱ्या वेळी काटा थरथरला आणि जागेवरून उठला. मगच तार सोडली.

मालकाला अण्णांनी निघताना एकच काम सांगितलं. रोज सकाळी, सेल्फ मारायच्या आधी, दांडी बघायची आणि पातळी वहीत लिहायची. त्या सहा पट्ट्या अण्णांनी फेकल्या नाहीत. पुसल्याही नाहीत. वर्तमानपत्रातच गुंडाळून कपाटात ठेवल्या, आकड्यांसकट, डिझेलच्या त्या फिकट वर्तुळासकट.

हंगाम सुरू होऊन पंधरा दिवस झाल्यावर मालकाचा फोन आला. आवाजात काळजी होती. काटा चांगला आहे, आवाज नाही, पण दांडीवर ऑइल वरच्या रेघेपासून थोडं खाली उतरलंय, असं काय झालं?

अण्णा खुर्चीत मागे टेकले. "उतरलं?" त्यांनी विचारलं. "किती? बोटभर नाही ना? बरं. घाल थोडं आणि ओढ ऊस."